रनफ्लॅट काढून साधे टायर टाकावेत का? (३३०आय, पुणे-कराड नेहमीचं येणंजाणं)

सह्याद्रीवाट
नमस्कार मंडळी. गाडी बीएमडब्ल्यू ३३०आय, जी२० मॉडेल, पुढे २२५/४५ आर१८ आणि मागे २५५/४० आर१८, चारी रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे). गाडीवर माझा भयंकर जीव आहे हे आधीच सांगतो, इंजिन, स्टिअरिंग, घाटातला तोल, कशाबद्दलच तक्रार नाही. प्रश्न फक्त टायरचा आहे.

गेल्या पावसाळ्यात शिरवळच्या अलीकडे रात्री पाण्याखालचा खड्डा दिसला नाही आणि पुढचं डावं चाक असं आदळलं की शेजारी झोपलेली आई दचकून उठली. उतरून बघितलं, हवा होती, कुठे काही दिसलं नाही म्हणून तसाच कराडला गेलो. सकाळी बघतो तर साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, लिंबाएवढा फुगा. त्याच मापाचा, त्याच पॅटर्नचा रनफ्लॅट यायला अकरा दिवस लागले, तोवर गाडी कराडात आणि मी एसटीने पुण्यात.

आता मागचे दोन संपत आलेत, पुढच्यांचंही फार काही राहिलं नाही, म्हणजे चारी बदलायचे आहेत. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, ते हल्ली या गाडीत बसायचं टाळतात, काँक्रीटच्या प्रत्येक सांध्याला ठक-ठक बसते ती त्यांना सहन होत नाही आणि हे मला फार लागतं, कारण गाडी घेतली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता. साधे टायर टाकले तर खरंच फरक पडतो का? स्टेपनी नाही, मग पंक्चर झालं तर काय? ज्यांनी स्वतः बदललेत त्यांनी लिहा प्लीज.

ट्रॅकवेडा
बदला, डोळे झाकून. माझ्या आधीच्या गाडीवर रनफ्लॅट काढून मिशलिन पायलट स्पोर्ट ४ एस टाकले होते, पहिल्या स्पीडब्रेकरलाच कळलं. एक विचार करा, बीएमडब्ल्यूच्या खऱ्या एम गाड्या, एम३ एम४, यांना कंपनीच रनफ्लॅट देत नाही. ज्या गाडीकडून सगळ्यात जास्त पकड पाहिजे तिला साधा टायर, यातच सगळं आलं.

टायरमिस्त्री
सांगलीत टायरचं दुकान आहे, वडिलांपासून. थोडं सविस्तर लिहितो कारण रनफ्लॅट म्हणजे नक्की काय हेच पुष्कळ लोकांना माहीत नसतं, गिऱ्हाईक येऊन म्हणतं पंक्चर न होणारा टायर द्या. पंक्चर होतोच. खिळा आहे तो खिळाच, तो टायर बघून घुसत नाही. फरक असा की साध्या टायरची बाजू पातळ असते, हवा गेली की गाडीचं वजन रिमवर येतं आणि टायर चिरडतो. रनफ्लॅटच्या बाजूत आतून जाड कडक रबर भरलेलं असतं, हवा शून्य झाली तरी बाजूच वजन पेलते. साधारण ताशी ८० च्या आत ८० किमी. गाडी भरलेली असेल तर तेवढंही धरून चालू नका.

आणि जी बाजू हवा गेल्यावर गाडी उचलून धरते ती हवा असतानाही तेवढीच कडक असते. खड्ड्यात साधा टायर दबतो, हा दबत नाही, मग मार जातो कुठे, रिमला जातो, सस्पेन्शनला जातो, नाहीतर तुमच्या बाबांच्या पाठीला. त्यात वजन जास्त. मी काट्यावर टाकून बघितलेत, २२५/४५ आर१८ मध्ये रनफ्लॅट आणि साधा यात दोन किलोच्या आसपास फरक येतो. चाकात दोन किलो म्हणजे डिकीत दोन किलो नव्हे, ते स्प्रिंगच्या खाली असतं, प्रत्येक उडीला डँपरला (शॉक अ‍ॅब्सॉर्बरला) तेवढं जास्त आवरावं लागतं.

फुगा येतो तेव्हा आतला दोर तुटलेला असतो. बाहेर रबर बरं दिसतं, आत फक्त हवा धरून ठेवलेली. तुम्ही तसंच शिरवळ ते कराड गेलात हे वाचून पोटात गोळा आला बघा. परत असं आदळलं तर सावकाश पुढच्या गावात जा आणि टॉर्च मारून बाजू बघा, आतली बाजूसुद्धा.

अनघा_संभाजीनगर
मी उलट बाजूने लिहिते, कारण "डोळे झाकून बदला" हे मला पटत नाही.

माझीही ३ सिरीज आहे. महिन्यातून दोन-तीनदा नागपूर, समृद्धीवरून, बहुतेकदा एकटी आणि परत यायला रात्र होतेच. मागच्या वर्षी वाशिमच्या पट्ट्यात रात्री साडेदहाला स्क्रीनवर लाल खूण आली, मागच्या उजव्या चाकात हवा जातेय. त्या रस्त्यावर तुमच्या शहरासारखी कोपऱ्यावर पंक्चरची टपरी नसते, दोन इंटरचेंजच्या मधे नुसता काँक्रीटचा पट्टा, दोन्हीकडे कुंपण आणि शेजारून १२० ने जाणाऱ्या गाड्या. मी वेग ६०-७० वर आणला, डाव्या लेनमधून पुढच्या इंटरचेंजला उतरले आणि लोकांच्या उजेडात जाऊन गाडी थांबवली. टायर फेकून द्यावा लागला, महाग होता, पण मला त्या रात्री अंधारात थांबून डिकी उघडावी लागली नाही. त्या पैशाचा मला एक रुपयाही जड गेला नाही.

सह्याद्रीवाट, तुमच्या घरातली गाडी कोण कोण चालवतं, कुठल्या वेळी, हे तुम्ही लिहिलंच नाहीये. माझ्या मते पहिला प्रश्न तो आहे, आराम नंतर.

सह्याद्रीवाट
ताई, बरोबर पकडलंत. मी आणि बायको दोघं चालवतो, अधूनमधून धाकटा भाऊ. बायकोचं बहुतेक पुण्यातल्या पुण्यात, सिंहगड रोड ते हिंजवडी. एकटीने रात्री हायवेला ती क्वचित जाते, पण कधीच नाही असं म्हणता येणार नाही.

म्युनिककर
इकडून, जर्मनीतून लिहितोय, मूळचा साताऱ्याचा. इथे हा प्रश्न वर्षातून दोनदा समोर येतो कारण उन्हाळी आणि हिवाळी टायर वेगळे ठेवावे लागतात (रस्त्यावर बर्फ असेल तर डोंगर-हिमकणाची खूण असलेलेच टायर पाहिजेत, ऑक्टोबर २०२४ पासून नुसती एम प्लस एस (चिखल-बर्फाची जुनी खूण) चालत नाही), त्यामुळे मी उन्हाळी सेट साधा केला आणि हिवाळी सेट रनफ्लॅटच ठेवला, कारण बर्फात बोटं गोठलेली असताना चाक बदलायची माझी तयारी नाही, आणि एकच गाडी एकाच रस्त्यावर दोन्ही प्रकारांवर सहा-सहा महिने चालवल्यामुळे फरक अगदी स्वच्छ कळतो, साध्यावर गाडी खड्डा गिळते, आवाज कमी होतो, आणि वळणात मधेच उंचवटा आला तर मागचं चाक उडत नाही, चिकटून राहतं. पण स्टिअरिंग फिरवल्या फिरवल्या नाक वळायचं ते किंचित मऊ वाटतं पहिले काही दिवस, बाजू लवते ना आता, हे आधी सांगितलेलं बरं नाहीतर तुम्हाला वाटेल अलाइनमेंट बिघडलं.

इथे रस्त्यावरची मदतसेवा फोन केला की येते, ते माझ्या गणितात धरलेलं आहे. कराडच्या रस्त्यावर तुमचं गणित वेगळं असणार, अनघाताईंचा मुद्दा म्हणून मला वजनदार वाटतो.

नवाखेळाडू
मी ३२० घ्यायच्या विचारात आहे, सेकंडहँड. दोन शंका. स्टेपनी नसेल आणि टायरही साधे, तर आरटीओ पकडत नाही का? आणि रनफ्लॅटच्या रिमवर साधा टायर बसतो का, का रिमही बदलायची?

टायरमिस्त्री
रिम तीच. रनफ्लॅटच्या रिमला बीड (टायरची आतली कडक कड) बसते तिथे आत एक जादा उंचवटा असतो, हवा गेल्यावर टायर रिमवरून सुटू नये म्हणून. त्या रिमवर साधा टायर व्यवस्थित बसतो. उलटं करू नका, जुन्या साध्या रिमवर रनफ्लॅट चढवणं. फक्त बसवणाऱ्याकडे हेल्पर आर्मचं (कडक बाजू दाबून धरणाऱ्या जादा हाताचं) मशीन पाहिजे, नुसत्या टॉमीने रनफ्लॅट उतरवायला गेला तर रिमची कड खाणार आणि आतला प्रेशर सेन्सर मोडणार. तुमच्या समोर काढायला लावा.

स्टेपनीचं म्हणाल तर २०२० च्या जुलैत नियम बदललाय. ट्यूबलेस टायर, हवेचं प्रेशर दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट गाडीत असेल तर साडेतीन टनाच्या आतल्या प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची नाही. म्हणजे किट तरी पाहिजेच.

टायर मिळत नाहीत त्याचंही कारण आहे. २०२० च्या जूनपासून टायरची आयात प्रतिबंधित यादीत गेली, परवान्याशिवाय येत नाही. साधे टायर इथे बनणारे पुष्कळ, पण १८ इंची, पुढे-मागे वेगळं माप, त्यात रनफ्लॅट, असं कॉम्बिनेशन दुकानात पडून नसतं हो.

कोकणवारी
साधे टाकल्यावर हवा कमी ठेवायची म्हणे, २८ वगैरे, म्हणजे अजून मऊ चालते?

टायरमिस्त्री
नाही नाही, हे कोणी करू नका. दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावर आकडा आहे, टायर थंड असताना तेवढीच हवा. मऊपणा टायरच्या बाजूतून येऊ द्या, हवा कमी करून नको. कमी हवेवर बाजू जास्त लवते, तापते, आणि हायवेला फुटणारे टायर बहुतेक असेच फुटतात. समृद्धीच्या तोंडाशी टायर तपासायला लागले ते उगाच नाही.

अजून एक बघा. बाजूवर माप लिहिलेलं असतं त्याच्यापुढे ९५वाय असं काहीतरी असतं. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, ९१ म्हणजे ६१५. वाय म्हणजे ताशी ३००, डब्ल्यू २७०, व्ही २४०. दुकानदार म्हणेल साहेब तेच माप आहे, थोडं स्वस्त आहे, आणि ९१ टेकवेल. जे गाडीबरोबर आलंय त्याच्या खाली उतरायचं नाही. चार अंकी तारीखही बघा, ३४२४ म्हणजे २०२४ चा चौतिसावा आठवडा.

ट्रॅकवेडा
एक जोडतो. दोन रनफ्लॅट आणि दोन साधे असं करू नका, पैसे वाचवायला बरेच जण मागचे दोनच बदलतात. गाडीचं पुढचं टोक एक भाषा बोलतं आणि मागचं दुसरी. चेन्नईच्या ट्रॅकवर एकाची गाडी अशी होती, सरळ रस्त्यावर काही कळत नव्हतं पण वेगात लेन बदलली की मागचं उशिरा यायचं आणि मग एकदम यायचं. पावसात हायवेला कोणी आडवं आलं तर हेच होणार.

आणि ज्यांची एक्सड्राइव्ह (चारी चाकांना ताकद जाणारी) आहे त्यांनी चारी टायरचा घेर आणि झीज जवळजवळ सारखी ठेवायची, नाहीतर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा भाग) उगाच झिजते. २२५/४५ आणि २५५/४० यांची उंची मोजली तर दीड मिलीमीटरचाच फरक येतो, ते माप उगाच निवडलेलं नाही.

अनघा_संभाजीनगर
वॉरंटीचं काय? कोणी लेखी विचारलंय का? तोंडी काय, कोणीही काहीही सांगतं.

सह्याद्रीवाट
मी विचारलं. सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही. काउंटरवर आधी सांगितलं वॉरंटी जाणार. म्हणलं ईमेलवर लिहून द्या. चार दिवसांनी ईमेल आली की तेच माप, तोच लोड आणि स्पीडचा आकडा असेल तर नुसत्या टायरमुळे गाडीची वॉरंटी जात नाही, सस्पेन्शनची तक्रार आली तर तपासून ठरवू. ती ईमेल प्रिंट काढून गाडीच्या कागदांत ठेवली. प्रत्येकाने आपापल्याकडून लेखी घ्या, माझ्या उत्तरावर विसंबू नका.

शेवटी बदललेच. चारी साधे, पुढे ९५वाय मागे ९९वाय, काट्यावर वजन, बॅलन्सिंग, अलाइनमेंट सगळं समोर उभं राहून करून घेतलं. जुना एक रनफ्लॅट उतरवल्यावर मिस्त्रींनी आत हात घालून काळा भुगा काढून दाखवला. म्हणजे हा टायर कधीतरी हवा कमी असताना चाललेला आहे आणि आतली बाजू घासलेली आहे. बाहेरून कोरा दिसत होता. आम्हाला पत्ताच नव्हता, बहुतेक भावाने इशारा रीसेट करून टाकला होता. हे बघून अंगावर काटा आला.

सोबत दोन वस्तू घेतल्या, डोनट स्टेपनी (तात्पुरतं अरुंद चाक) आणि बारा व्होल्टचा पंप. डोनट घेताना पुढे आणि मागे दोन्हीकडे एकदा बसवून बघितली, ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना. डिकीतली अर्धी जागा गेली, आईच्या लोणच्याच्या बरण्या आता मागच्या सीटवर येतात. जॅक, पाना, लॉक बोल्टची चावी एका पिशवीत.

म्युनिककर
द्रवाचं किट नाही घेतलं का?

सह्याद्रीवाट
गाडीच्या किटमध्ये बाटली आहे, पण ती शेवटचा उपाय. ती बाजूच्या चिरेला चालत नाही, मोठ्या भोकाला चालत नाही, तिची मुदत संपते, आणि ते चिकट एकदा आत गेलं की पंक्चर काढणारा वैतागतो आणि सेन्सर चोंदायची भीती.

सह्याद्रीवाट (आठ महिन्यांनंतर)
धागा वर काढतोय, कारण बरेच जण निरोपातून विचारतात.

पहिली गोष्ट, बाबा. टायर बदलल्यावर पहिल्या रविवारी त्यांना कासला नेलं. जाताना काही बोलले नाहीत. येताना यवतेश्वरच्या उतारावर म्हणाले, आता गाडी गाडीसारखी चालतेय. त्यानंतर चार वेळा आमच्याबरोबर पुण्याला आलेत. मला बाकी काही मिळालं नसतं तरी चाललं असतं.

चालवायला म्युनिककर म्हणाले तसंच. पहिला आठवडा स्टिअरिंग जरा मऊ वाटलं, मग सवय झाली, आणि आता आंबा घाटात खडबडीत वळणावर गाडी जी रस्ता धरून बसते ती आधी कधी बसली नव्हती. ओल्या रस्त्यावर तर फारच फरक आहे, पण जुने झिजलेले होते आणि हे नवे आहेत, त्यामुळे ते सगळं श्रेय साध्या टायरला देत नाही. काँक्रीटचा सांधा अजूनही कळतो, फक्त आता तो आवाज आहे, दणका नाही.

दुसरी गोष्ट, पंक्चर. तेही झालं. जानेवारीत रात्री नऊला उंब्रजच्या पुढे, बायको चालवत होती, मी शेजारी. स्क्रीनवर मागचं डावं चाक पिवळं झालं आणि आकडा डोळ्यांसमोर उतरायला लागला, ३४, २९, २३. रनफ्लॅट असते तर गप कराड गाठलं असतं. इथे ते चालत नाही, शंभर-दोनशे मीटरमध्ये बाजूला घेतलीच पाहिजे, नाहीतर टायर चिरडतो आणि पाठोपाठ रिम जाते. सर्व्हिस रोड लगेच मिळाला, एका ढाब्याच्या दिव्याखाली थांबलो. बोल्ट इतके घट्ट होते की पान्यावर उभं राहायला लागलं, डोनट चढवून निघायला पस्तीस मिनिटं लागली. डोनटवर ८० च्या आत, कराडला पोचलो. सकाळी पंक्चरवाल्याने टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावला, आतली बाजू बोटाने चाचपून बघितली, भुगा नव्हता. टायर अजून चालू आहे. रनफ्लॅट असता तर कराडपर्यंत पोचवून तो बहुतेक फेकायचाच होता.

पण खरं सांगतो, त्या पस्तीस मिनिटांत अनघाताईंची पोस्ट सतत डोक्यात होती. आम्ही दोघं होतो, उजेड होता, मी पाना मारू शकत होतो. ती एकटी असती आणि पुढेमागे ढाबा नसता तर?

म्हणून घरी आल्यावर दोन कामं केली. एक, रविवारी सोसायटीत बायकोने आणि भावाने माझी मदत न घेता एकेक चाक काढून डोनट बसवून दाखवली, बायकोला सत्तावीस मिनिटं लागली. पाना लहान पडत होता, लांब दांड्याचा आणला, आता तिचं वजन पुरतं. दोन, स्टिअरिंगच्या डावीकडे कागद चिकटवलाय, "हे टायर रनफ्लॅट नाहीत. इशारा आला की थांबा." भावाला माहीतच होतं की इशारा आल्यावरही ८० ने जाता येतं, कारण जुन्या टायरवर ते खरं होतं, आणि टायर बदलले तरी गाडीचं पुस्तक तेच राहतं. गाडी विकताना घेणाऱ्यालाही हे पहिल्यांदा सांगणार.

अनघा_संभाजीनगर
सगळं वाचलं. बाबांचं वाचून फार बरं वाटलं. माझे टायर पुढच्या महिन्यात बदलायचे आहेत आणि मी परत रनफ्लॅटच घेतेय, डीलरकडे आत्ताच ऑर्डर टाकलीय म्हणजे वाट बघायला लागणार नाही. समृद्धीवरच्या माझ्या फेऱ्या आहेत तोवर तरी हेच. पण तुमच्या मिस्त्रींसारखा आत हात घालून बघणारा कोणी इथे आहे का, ते शोधतेय. माझ्याही एका टायरवर असाच इशारा येऊन गेला होता दिवाळीत, हवा भरली आणि विसरले.

टायरमिस्त्री
ताई, नवे यायची वाट बघू नका, तो टायर या आठवड्यातच उतरवून घ्या. संभाजीनगरला हेल्पर आर्मचं मशीन असलेली दुकानं आहेत, फोनवर तेवढंच विचारा. आतून हात फिरवायचा, बाजूला सुरकुती लागली किंवा बोटं काळी झाली तर तो परत चढवू द्यायचा नाही. नागपूरला त्याच्यावर जाऊ नका.

अनघा_संभाजीनगर
उद्या सकाळीच नेते.